फ्रिजमधलं सरबत

रेवती: किती प्यायले, आबा? खरं सांगा.

आबा: एक घोट. त्यातला बी निम्मा मोरीत थुंकला.

रेवती: अन् बाकीचा निम्मा?

आबा: तो गेला खाली. तू असं तोंड काहून करून राहिली? कनीजबीनं शेजारून धाडलेलं गुलाबाचं सरबत हाय ना ते? नासलंय जरा. कडवट लागलं, मातकट.

रेवती: कनीजचाचीचं सरबत कालच संपलं. आईनं अन् मी संपवलं. हा माझा प्रयोग आहे.

आबा: प्रयोग?

रेवती: विज्ञान प्रदर्शनाचा. शुक्रवारी, वसमतला.

आबा: म्हंजे मी तुझं विज्ञान प्यालो.

रेवती: हसू नका आबा. मला भीती वाटून राहिली.

आबा: बरं, न्हाई हसत. बस इथं. आता आजा न्हाई, कंपाउंडर इचारतोय. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाटल्या भरल्यात मी. त्या ग्लासात काय काय टाकलं, किती टाकलं, एक एक सांग.

रेवती: ग्लासभर पाणी. अर्धा चमचा हळद. अन् हरभऱ्याएवढा चुना.

आबा: पानाचा चुना का भिंतीचा?

रेवती: पानाचा. हळद पिवळी असते ना, तिला चुना लागला की लाल होते. लिंबू पिळलं की परत पिवळी. त्याला दर्शक म्हणतात. कशात आम्ल आहे, कशात आम्लारी आहे, ते हळद सांगते. म्हणून आपल्या गावावरून प्रयोगाचं नावच ठेवलंय, ‘हट्ट्याच्या हळदीला सगळं कळतं’.

आबा: नाव झकास हाय. पण ते फ्रिजात काहून?

रेवती: एक ग्लास उन्हात अन् एक थंडीत. कोणता रंग शुक्रवारपर्यंत टिकतो ते बघायचं होतं.

आबा: उन्हातला कावळ्यानं प्याला नसंल म्हंजे मिळवली. माझ्या तोंडात आग न्हाई, घशात जळजळ न्हाई. चूळ भरली, वरून पाणी बी प्यालो. तरी बी मोबाइल आण. डॉक्टरीणबाईला इचारू.

रेवती: तुमाला तर काहीच झालं न्हाई ना?

आबा: कंपाउंडरनं डॉक्टर व्हायचं नसतं, बाई. आण.

(फोन होतो. दोघं पुन्हा स्वयंपाकघरात येऊन बसतात.)

आबा: ऐकलं ना? एका घोटानं काही व्हायचं न्हाई म्हणल्या. घसा दुखला, उलटी झाली, तर उठून दवाखान्यात या म्हणल्या. झालं. आता पुस तोंड.

रेवती: आबा, आईला सांगू नका. ती म्हणलीय, अजून एक पसारा दिसला की तुझी प्रयोगशाळा उकिरड्यावर. मागच्या आठवड्यात मी पोह्याच्या कढईत साबण उकळला होता.

आबा: कधी? गुरुवारी?

रेवती: घासली होती मी कढई.

आबा: तरीच. मला वाटलं पोह्याला नवं तेल हाय.

रेवती: सांगणार का तुमी?

आबा: सांगावं तर लागंल. घरातल्या माणसाच्या पोटात चुना गेलाय.

रेवती: मग ती विचारील, सरबत प्यायला गेलेच कशाला होते. तुमाला शुगर आहे. सरबत बंद आहे तुमाला.

आबा: बारा वर्षांच्या लेकरानं एवढं हुशार असू न्हाई.

रेवती: मी न्हाई सांगत. तुमी न्हाई सांगत. बराबर?

आबा: बराबर. तू ग्लास धू, मी मिशी धुतो. मिशीला लागलंय का काही?

रेवती: लागलंय. लाल झालीय.

आबा: साबण दे इकडं.

रेवती: साबण नका लावू, आबा.

आबा: उभा जन्म हात धुण्यात गेला माझा, मला साबण शिकवती का? दे. बघ आता. निघालं?

रेवती: अजून लाल झाली. साबणात पण आम्लारी असतं. आई हळदीचा डाग धुते तवा तो लाल होतो बघा, तसंच झालं.

आबा: मग सांगायचं न्हाई का आधी?

रेवती: सांगितलं होतं. आता लिंबू लावा.

आबा: फ्रिजात हाय ना? थांब, मीच घेतो. हे लिंबू. अन् दुधाच्या मागं ही पाण्याची बाटली काहून लपवून ठेवली?

रेवती: आबा, तिला हात लावू नका.

आबा: काहून? पाणीच तर हाय.

रेवती: पाणी न्हाई ते. फरशी धुवायचं ॲसिड आहे. आम्ल दाखवायला पाहिजे होतं. आईला दिसू नये म्हणून मागं ठेवलं.

आबा: मला तहान लागली होती, रेवती. सरबत दिसलं म्हणून सरबत घेतलं. ते नसतं दिसलं तर मी हीच बाटली उचलली असती.

रेवती: झाकण घट्ट लावलंय मी.

आबा: पाण्याच्या बाटलीचं झाकण माणूस उघडतोच. अन् ग्लासात बी ओतत न्हाई, सरळ तोंडाला लावतो.

रेवती: मी आता कधीच न्हाई करणार. प्रदर्शनाला पण न्हाई जाणार.

आबा: असं बोलू नको. अन् डोळे चोळू नको, हाताला चुना हाय तुझ्या. उठ. आधी हात धू, नळाखाली, भरपूर पाण्यानं. चुन्याची पुडी दाबून डोळ्यात उडालेली लेकरं दवाखान्यात आणायचे लोक. तासभर मी त्यांच्या डोळ्यात पाणी सोडत बसायचो. एकाची नजर गेली ती गेलीच. धुतले का?

रेवती: धुतले.

आबा: आता बस. तुला एक सांगतो, तुझ्या बापाला बी म्हाईत न्हाई. मी नोकरीला लागून दोन महिने झाले होते. खोकल्याचं औषध अन् जखम धुवायचं औषध, दोन्हीच्या बाटल्या सारख्याच, तपकिरी. एक बाई लेकराला घेऊन आली खोकल्यासाठी. मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली न्हाई. रोजच्या जागेवर हात घातला, भरून दिलं.

रेवती: जखमेचं दिलं?

आबा: जखमेचं दिलं. नानीबाई म्हणून नर्स होत्या. त्यांनी त्या बाईला दारातून परत बोलावलं, बाटलीचा वास घेतला अन् मोरीत ओतली. मी घरी जाऊन पिशवी भरली. म्हणलं आता नोकरी गेलीच, आपणच निघावं.

रेवती: मग?

आबा: नानीबाई घरी आल्या. म्हणल्या, ‘व्यंकट, पळून गेल्यानं अक्कल येत न्हाई. चल, चिठ्ठ्या लिही.’ दोनशे चिठ्ठ्या लिहून घेतल्या माझ्याकडून. अन् एक नेम लावून दिला. बाटली उचलताना वाचायचं, ओतताना वाचायचं, परत जागेवर ठेवताना वाचायचं. तीनदा. तेव्हापासून मी कधी चुकलो न्हाई. आज पहिल्यांदा न वाचता प्यालो.

रेवती: वाचायला होतंच काय, आबा? मी काही लिहिलंच न्हाई त्याच्यावर.

आबा: म्हणून आता लिही. वही आण, कात्री आण, डिंक आण.

रेवती: लिहिते. ‘हळदीचं पाणी’.

आबा: एवढंच? हळदीचं पाणी लोक सर्दीला पितात.

रेवती: ‘हळद, चुना, पाणी. पिऊ नये. रेवती. मंगळवार.’

आबा: ‘पिऊ नये’ लाल शाईनं. असंच. ह्या ग्लासाला लाव. अन् हा ग्लास आता जन्मभर प्रयोगाचा, परत ताटाशी यायचा न्हाई. चमचा कोणता घेतला होता?

रेवती: लोणच्याचा.

आबा: देवा. तो बी प्रयोगाचा.

रेवती: अन् आम्लाचं काय करू? ॲसिड न्हाई तर लोकांना दाखवू काय?

आबा: लिंबू हाय, चिंच हाय, ताक हाय. तेवढ्यानं तुझी हळद पिवळी होत न्हाई का?

रेवती: होते. पण ॲसिड लिहिलं की भारी वाटतं.

आबा: माझी मिशी लिंबानं पिवळी करून दाखव, त्याहून भारी काय पाहिजे? अन् परीक्षकाला थोडी चिंच चाखायला दे, खूश होतील.

रेवती: प्रयोगातलं चाखायचं नसतं, आबा.

आबा: हां. ते बी लिहून लाव. माझ्या कपाळावर लाव. अन् डोळ्याला चष्मा पाहिजे. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा हाय बघ त्या कोनाड्यात, बाजूनं बी झाकलेला. घाल.

रेवती: घातला.

आबा: छान. माझी बहीणच दिसून राहिली. आता लाव लिंबू मिशीला. पिवळी झाली का?

रेवती: यातून काहीच कळत न्हाई. लाल पण काळं, पिवळं पण काळं.

विजया: हे काय चाललंय दोघांचं? अंगणवाडीतून घटकाभर उशिरा आले तर घरात नाटक कंपनी? रेवती, तो काळा चष्मा काढ. अन् मामंजी, तुमच्या मिशीला हळद? नवरी कुठली बघितली?

आबा: सूनबाई, आधी पाणी पी. माठातलं पी. फ्रिजातलं नको.

विजया: काहून?

आबा: रेवती सांगंल.

रेवती: आबा, आपलं ठरलं होतं.

आबा: ते सरबताचं ठरलं होतं. बाटली बघितल्यावर ते मोडलं. बोल. मी हाय इथंच.

रेवती: आई, मी हळदीत चुना कालवून फ्रिजमधी ठेवला होता. आबांनी सरबत समजून घोट घेतला. डॉक्टरीणबाईंना फोन केलाय, काही होणार न्हाई म्हणल्या. अन् पाण्याच्या बाटलीत मी फरशीचं ॲसिड भरून ठेवलं होतं. ते कुणी प्यालं न्हाई. चिठ्ठी लावली नव्हती.

विजया: कधी ठेवलं होतं?

रेवती: दुपारी. शाळेतून आल्यावर.

विजया: नक्की दुपारी?

रेवती: नक्की. काहून?

विजया: सकाळी कनीजआपाची खुशनुमा पाणी मागत आली होती. मी फ्रिजातून बाटली काढून तिच्या हातात दिली अन् भाकरी थापत बसले. वळून बी बघितलं न्हाई. पाच वर्षांचं लेकरू ते.

रेवती: आई...

विजया: थांब. बसू दे जरा.

आबा: सूनबाई, चूक तिची हाय अन् माझी बी हाय. सरबत मला बंद हाय, तरी चोरून प्यायला गेलो होतो.

विजया: ते मला कळलंच, मामंजी. तुमचं शुगरचं मग बघते. ह्या चिठ्ठ्या कुणी लिहिल्या?

रेवती: मी. आबांनी सांगितल्या.

विजया: ‘चुना. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाणी, मग दवाखाना.’ ‘लोणच्याचा चमचा. आता लोणच्याचा न्हाई.’ ‘प्रयोगातलं चाखू नये. आबांनी पण.’

आबा: शेवटचं ‘आबांनी पण’ तिनं मनानं लिहिलं.

रेवती: आई, सगळं उकिरड्यावर टाकू का?

विजया: त्या ॲसिडला तू हात लावू नको. हातमोजे घालून मी ओतते मोरीत, भरपूर पाण्यासंगं. सकाळी तिथं ब्लीचिंग पावडर न्हाई ना टाकली कुणी?

आबा: न्हाई. दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू होतो, मी त्या नादी लागत न्हाई.

विजया: बरं. बाकीचं सगळं स्वयंपाकघरातून उचल. मागच्या ओट्यावर ने, न्हाणीजवळ. तिथं नळ हाय, हवा हाय, अन् अंगणवाडीतून येताना मला लांबूनच दिसतं. मी घरात असले तरच करायचं.

रेवती: म्हंजे शुक्रवारी...

विजया: त्या काळ्या चष्म्यातून तुला तुझी हळद तरी दिसणार हाय का? कनीजआपाच्या घरी मोहियोद्दीनभाईंचा ग्रिल कापताना घालायचा असतो, काचेसारखा पांढरा. कनीजआपाला सांगून आणते संध्याकाळी. खुशनुमाला बी एक चक्कर मारून बघून येते. उगीच. बघितल्याशिवाय घास उतरायचा न्हाई मला.

रेवती: मी पण येऊ?

विजया: ये. ती सारखं तुझं नाव घेत असते. अन् आता रडू नको, शुक्रवारी मीच घेऊन जाते तुला वसमतला. जीपमधी ग्लास सांडले तर माझ्या मांडीवर सांडतील, मग लाल झालेलं लुगडं परीक्षकाला दाखव.

आबा: लिंबू संगं ठेव, सूनबाई.

विजया: तुमी गप्प बसा. चिठ्ठी उरलीय का एखादी?

रेवती: तीन उरल्यात. कशाला?

विजया: दे एक. डिंक बी दे. हं. मामंजी, हे घ्या.

आबा: काय हाय ह्या ग्लासात?

विजया: लिहिलंय त्याच्यावर.

आबा: ‘ताक. मीठ घातलंय. साखर न्हाई. विजया.’ अक्षर चांगलं हाय तुझं, सूनबाई.

रेवती: आबा, एकदाच वाचलं. अजून दोनदा.