कळायला नको, पण जवळचा हवा

…नाही, पण तुम्हीच सांगा, माझी मागणी काय जगावेगळी होती का? कुणाला कळायला नको आणि जवळचा हवा. संपलं. दोनच अटी. एवढ्या दोन अटींत लोक मुलींची लग्नं जमवतात, आणि या सगळ्या सर्च इंजिनवाल्यांना मिळून मला एक माणूस शोधून देता येईना. बरं, माणूस तरी कसला? कुलूपवाला!

आता तुम्ही म्हणाल, त्यात लपवण्यासारखं काय आहे, कुलूपवाला काय कुणीही शोधतो. शोधतो ना. कुणीही शोधावा. मी शोधू नये. कारण मी स्वतः कुलूपवाला आहे. एकोणतीस वर्षं. दुकानाच्या काचेवर हाताएवढ्या अक्षरांत रंगवून घेतलंय, 'कोणतंही कुलूप, दहा मिनिटांत'. त्या काचेच्या बाहेर मी उभा, दार बंद, किल्ल्या आत, अवजारं आत, चष्मा आत, आणि मी काचेला नाक लावून. हसा, हसा. तुमची काही चूक नाही.

झालं काय, तुम्हाला सांगतो. नवीन कुलूप आलं होतं, दार ओढलं की आपोआप लागणारं. कंपनीवाला म्हणाला, किल्लीशिवाय कुणाच्या बापाला उघडायचं नाही. म्हटलं, गिऱ्हाइकांना दिसेल असं आपल्याच दाराला बसवू. बसवलं. असं झकास बसलं, असं बसलं की मला राहवेना, म्हटलं लांबून कसं दिसतं बघू या, एक फोटो काढू या. मोबाइल घेतला, रस्ता ओलांडला, शिंप्याच्या पायरीवर उभा राहिलो, एक डोळा मिटला… आणि वारा आला. एवढासा वारा. खट्ट. काय सुरेख आवाज होता हो! फोटोही छान आलाय. तीन किल्ल्यांचा जुडगा आत खिळ्याला लटकलेला स्वच्छ दिसतोय त्यात.

काच फोड, असं म्हणाल. फोडली असती, पण त्या आवाजाला अख्खी गल्ली बाहेर आली असती, आणि ज्याला कळायला नको त्याला सगळ्यात आधी कळलं असतं. कोण तो? माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. तोही कुलूपवालाच, तीन गल्ल्या सोडून दुकान. त्याला हाताला धरून हा धंदा मीच शिकवला, आठ वर्षं माझ्याकडे होता, पोराहून जास्त जीव लावला त्याला. आणि चार महिन्यांपूर्वी हा गडी स्वतःच्या गाडीत किल्ली विसरला. बाहेर उभा, काचेला नाक लावून. मला फोन केला, 'दाजी, तेवढं या, आणि कुणाला सांगू नका.' गेलो. उघडून दिलं. आणि नंतर मी काय केलं? सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. साधं नाही, करून दाखवलं. नाक कसं चपटं झालं होतं, डोळे कसे केविलवाणे… घरात दोन माणसं जास्त जमली की मी उठून उभा. पंचवीसेक वेळा तरी झालं असेल. लोक पोट धरून हसायचे. तो बिचारा कोपऱ्यात बसून पाणी प्यायचा. शेवटी आमच्याकडे यायचाच बंद झाला.

आता त्याला कळलं तर? तो काय मला सोडणार होता? मीच दिलेली विद्या, मीच दिलेला अभिनय. आणि वेळ तरी किती होता हातात? पावणेचार वाजलेले. ऑफिस सुटलं की साडेपाचला बायको दुकानावर येते, आम्ही जोडीनं घरी जातो. तिला सहाला कळलं की तिच्या भावाला सहा वाजून एक मिनिटानं कळतं, मधलं मिनिट ती चप्पल काढते. म्हणजे पावणेदोन तासांत परका कुलूपवाला हवा, मुकाट येणारा, मुकाट जाणारा. कुणाला कळायला नको आणि जवळचा हवा.

मग नेहमीच्या ठिकाणी का नाही शोधलं, असं विचारा. विचारलंत? त्या मोठ्या इंजिनाचा मला अनुभव आहे. गेल्या वर्षी मी एकदाच, एकट्यानं, दार लावून विचारलं होतं, टकलावर पुन्हा केस येतात का. एकच प्रश्न. दुसऱ्या दिवसापासून बायकोच्या मोबाइलवर विग. मुलगी-जावई चार दिवस राहायला आले, एकाच वायफायवर सगळे, तर जावई जेवताना म्हणतो, 'बाबा, हे मला सारखे विग का दाखवतायत?' मी म्हटलं, काळजी घ्या हो, वय झालं की होतं. तो सत्तावीस वर्षांचा. बायको ताटात बघून हसत होती. म्हणून मुलीनं जाताना माझ्या मोबाइलवर तीन वेगळी इंजिनं टाकून दिली. म्हणाली, 'बाबा, ही तुमच्यावर पाळत ठेवत नाहीत. ही तुम्हाला ओळखतच नाहीत.' म्हटलं वा, असाच माणूस पाहिजे.

तर पहिलं उघडलं. टाइप केलं, 'जवळचा कुलूपवाला'. पटकन उत्तर आलं. नाव, पत्ता, फोन, 'आत्ता उघडं आहे'. मी खूश. पत्ता नीट वाचला, म्हणजे चष्मा आत असल्यामुळे हात लांब करून वाचला, तर तो माणूस समुद्रापलीकडे. विमानानं नऊ तास! अरे, जवळचा म्हणजे कुणाच्या जवळचा? लावला मुलीला फोन.

'अगं, हे मला दुसऱ्या खंडातला माणूस दाखवतंय.'

'बाबा, तुम्ही कुठे आहात हे त्याला माहीतच नाही. तेच तर चांगलं आहे त्यात.'

'चांगलं आहे, पण मला तो इथे हवाय.'

'मग लोकेशन द्या त्याला.'

'दिलं तर मग लपलं काय?'

'थोडंसं द्या. ते नंतर विसरून जातं. तसं लिहिलंय त्यांनी.'

लिहिलंय. लिहायला काय जातं? माझ्याही काचेवर लिहिलंय. आणि ही पोरगी, तुम्हाला सांगतो, बारीक नजरेची आहे फार. म्हणाली, 'पण तुम्हाला कुलूपवाला कशाला हवाय?' म्हटलं, एका गिऱ्हाइकासाठी. 'गिऱ्हाईक तुमच्याकडे आलंय ना, मग त्याला दुसरा कशाला?' मी म्हटलं, 'त्याला आणखी एकाचं मत घ्यायचंय.' ती गप्प झाली. तिचं गप्प होणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसरं इंजिन. हे जरा समजूतदार. म्हणालं, नक्की कुठे आहात ते सांगू नका, अंदाजे सांगा. मी अंदाजे सांगितलं. त्यानंही अंदाजेच उत्तर दिलं. पहिलं, 'कुलूप म्हणजे काय', मोठा लेख, चित्रांसकट. दुसरं, चपलांचं दुकान. तिसरं बघतो तर आपल्याच भागातले चावीवाले आजोबा. चार तारे. 'आत्ता उघडं आहे.' अहो, ते गेले! तीन वर्षं झाली. मी स्वतः पोचवायला गेलो होतो. चांगला माणूस, कुणाचं गुपित कधी बाहेर काढलं नाही, आणि आता तर काढणारच नाही. माझ्या दोन अटींतल्या पहिल्या अटीत एकदम बसणारा माणूस. पण दुसरीचं काय?

एव्हाना शिंपी तीनदा बाहेर येऊन गेला होता. हा शिंपी म्हणजे कसा, सुईत दोरा ओवता ओवता तीन घरांच्या बातम्या ओवतो. 'काय शेठ, बाहेर का?' म्हटलं, हवा खातोय. 'दार बंद करून?' म्हटलं, आत हवा नाही. तो 'असं होय' म्हणाला आणि आत न जाता टेप गळ्यात टाकून पायरीवरच बसला.

घाम फुटला मला. पाच वाजायला आलेले. तिसरं इंजिन उघडलं. हे मात्र गुणी निघालं. आधीच सांगून टाकलं, आम्ही काही लिहून ठेवत नाही, काही विकत नाही, फक्त आत्तापुरतं तुम्ही कुठे आहात ते सांगा. म्हटलं घे बाबा, सगळं घे, गल्ली घे, खांबाचा नंबर घे. आणि काय सांगू, पहिलंच उत्तर, 'तुमच्यापासून चार पावलं'. चार पावलं! 'अनुभवी, विश्वासू, दहा मिनिटांत. सध्या बंद.' काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा मीच. पण माणूस बुडायला लागला की बुद्धी आधी बुडते. मी त्या नंबरवर फोन लावला.

आत दुकानाचा लँडलाइन फोन वाजायला लागला. काचेतून दिसत होता मला, टेबलावर, माझ्याच चष्म्याशेजारी. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, उचल रे, उचल. शिंपी पायरीवरून ओरडला, 'शेठ, तुमचा फोन वाजतोय.' म्हटलं, माहितीय. 'कुणाचा आहे?' म्हटलं, एका मूर्खाचा.

आणि मग खाली दुसरं उत्तर दिसलं. नाव नाही, फोटो नाही. नुसतं, 'गुपचूप कुलूपसेवा. कुणाला कळणार नाही. जवळच आहोत.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. माझ्या दोन्ही अटी कुणीतरी उचलून जशाच्या तशा लिहिल्या होत्या. रुमाल तोंडाला लावला, खोकून आवाज घोगरा केला, फोन लावला. पलीकडचा माणूसही हळू आवाजात. नाव विचारलं नाही. 'पत्ता?' मी दुकानाचं नाव न घेता म्हटलं, 'शिंप्याच्या दुकानासमोर.' मग म्हणाला, 'आलो.'

स्कूटर आली. हेल्मेट काढलं. मेहुणा.

आम्ही एकमेकांकडे बघतोय. मग त्यानं काचेकडे बघितलं. काचेवर माझ्या नाकाचा डाग होता, चपटा. म्हटलं आता हसणार. आता करून दाखवणार. आणि तो पिशवी उघडत म्हणाला, 'या सेवेत मी नंबर बघत नाही, पण पत्ता ऐकला तेव्हाच कळलं, दाजी. शिंप्यासमोर दुसरं दुकान कुठाय? आणि रुमाल लावला तरी खोकला तुमचाच.'

'मग आलास कसा?'

'तुम्ही आला नव्हतात का?'

तो खाली बसला. म्हणाला, गाडीचं ते झालं आणि घरोघरी हसं झालं, तेव्हा डोक्यात आलं, आपण कुलूपवाले असून आपल्याला एवढी लाज वाटली, तर साध्या माणसाला किती वाटत असेल. म्हणून ही सेवा काढली. नाव नाही, पाटी नाही. चांगली चाललीय म्हणाला. आणि काम सुरू केलं. खालून वर, मनगट सैल, श्वास धरून. मी शिकवलं होतं तस्संच. मला अशी लाज वाटली, अशी लाज वाटली, आणि त्या लाजेतही वाटत होतं, काय हात तयार केलाय आपण. सात मिनिटांत उघडलं. किल्लीशिवाय कुणाच्या बापाला न उघडणारं.

म्हटलं, 'चुकलो रे मी. ते चार महिने… चुकलो.' तो म्हणाला, 'जाऊ द्या, दाजी.' म्हटलं, तुझे किती झाले? तर कानावर हात. 'तुमच्याकडून घेऊ होय? फार तर दोन ओळी लिहा माझ्या सेवेबद्दल. नाव टाकू नका म्हणजे झालं.' आणि गेला. सव्वापाच. शिंपी सोडला तर चिटपाखरालाही पत्ता नाही. कुणाला कळलं नाही, आणि जवळचाच मिळाला.

मग मी चष्मा लावला, खुर्चीत बसलो आणि मनापासून लिहिलं. दोन ओळी कसल्या, बारा लिहिल्या. 'मी स्वतः कुलूपवाला असून स्वतःच्याच दुकानाबाहेर अडकलो होतो. बायकोला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. या तरुणानं सात मिनिटांत अब्रू वाचवली. हात सोन्याचा. अत्यंत गुप्त सेवा.' पाच तारे. नाव टाकलं नाही. मुळीच टाकलं नाही!

पण मोबाइल दुकानाचा. त्यातलं खातं दुकानाचं. त्यावर नाव दुकानाचं, फोटो माझा, त्याच काचेसमोर, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन हसताना. आणि तिकडे ती आमची गप्प झालेली मुलगी, तिला चैन पडेना, म्हणून तिनं तिकडून शोधलं, बाबांच्या जवळ कुलूपवाले कोण कोण आहेत. सापडलं तिला, आणि तिनं ते तसंच आईला धाडलं. साडेपाचला बायको आली ती मोबाइल हातात धरूनच. दारात उभी राहून तिनं बाराच्या बारा ओळी वाचल्या, मोठ्यानं, माझ्या आवाजात. आमच्या घरात अभिनय एकट्या मलाच येतो असा माझा समज होता. रात्रीपर्यंत सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर. मेहुण्याचा फोन आला, 'दाजी, शप्पथ, मी एका शब्दानं बोललो नाही.' म्हटलं, माहितीय रे बाबा. तू खरा गुप्त माणूस. फुटलो तो मी.

आता कुठल्याही इंजिनावर जा, छोट्या, मोठ्या, ओळखणाऱ्या, न ओळखणाऱ्या, कुलूपवाला टाइप केलं की सगळ्यात वर मेहुणा आणि त्याच्याखाली मी, हसताना. त्याला दिवसाला दहा फोन. मला पण येतात, लोक विचारतात, आज आत आहात की बाहेर?

ते लिहिलेलं काढून टाकता येतं म्हणे. कसं, ते शोधायला पाहिजे, पण शोधू कशावर? म्हणून तुमच्यासमोर उभा राहिलोय. तुमच्यापैकी कुणाला तसला माणूस माहीत असेल तर सांगा. दोनच अटी आहेत, कुणाला कळायला नको आणि जवळचा हवा. फक्त हळू सांगा हं. मागच्या रांगेत शिंपी बसलाय.