फोटोवरचा गोल शिक्का

— न्हाई, न्हाई, तसलं काई न्हाई त्याला. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, सुपारीचं खांडसुद्धा न्हाई. बुद्धभूषणला नाद एकच, पेपर वाचायचा — तेबी शिळा. बसा की पाव्हणं, त्या खोक्यावर बसा, डाव्या अंगाला खिळा वर आलाय, जरा उजवीकडं सरका. मागचं चाक हाय, नट गंजलाय, येळ लागंल. आन चौकशीला तुमी बरोबर जागी आलाय. पोरीकडची माणसं गावात शिरायच्या आदी हितं फाट्यावरच इचारत्यात — चहाच्या गाड्यावर, न्हाईतर माझ्या पंक्चरच्या दुकानात. गावात काय, भावकी सांगंल तेच. मागच्या साली आप्पासोच्या पोराची चौकशी हितंच झाली. मी आपलं खरं तेच सांगितलं. लगीन मोडलं. आप्पासो अजून सायकलीत हवा भरायला पलूसला जातोय.

मला खरं तर बोलता येत न्हाई, पाव्हणं. सातवीत शाळा सोडली ती त्यापायीच — गुर्जी फळ्यापुढं उभं करायचं, आन मी निस्ता खडूकडं बघत बसायचो. आई म्हणती, बिराप्पाचं तोंड शेळीनं खाल्लंय. पण हातात चाक असलं आन समोर तुमच्यासारखं गप बसणारं माणूस असलं, की येतं आपोआप. आता बुद्धभूषण — घरात दोघंच, त्यो आन त्याची आई, अंजनाकाकी. सासू म्हणून गरीब हाय, पोरीला तरास न्हाई. नोकरी म्हणाल तर पाटबंधारे खात्यात कारकून. झालाच म्हणा की. लेखी झाली, तोंडी झाली, डाक्टरनं छाती मोजली, आता निस्ती पोलिसांची कसलीशी चौकशी राहिलीय, ती झाली की ऑर्डर. चार महिनं झालं, काकी रोज पोस्टमनला बोलवून चहा पाजती. त्यो बिचारा आता वस्तीत यायचाच बंद झालाय, चहाला भिऊन.

स्वभाव व्हय? थांबा, ट्यूब पाण्यात घालतो. हे बगा बुडबुडं — पाण्यात घातलं की भोक लपत न्हाई. स्वभाव इचारलात, तर एकच गोष्ट सांगतो, पण गावात बोलू नका. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीच्या नळाला पाणी न्हवतं. चार महिनं. आमची धनगराची चार घरंबी त्याच नळावर. वरच्या आळीला धो-धो, आन आमच्यात तोटी सोडली की निस्ता वारा. बुद्धभूषणनं अर्ज लिवलं, सात अर्ज. ग्रामसेवक म्हणायचा, अक्षर झ्याक हाय रं तुझं, पाण्याचं बघू. मग एक दिवस पंचायतीच्या दारालाच कुलूप लागलं. बाहेरनं. पोलीस आलं, कुणी लावलं म्हणलं. सगळं गाव गप. बुद्धभूषण पुढं झाला आन म्हणला, मी. घातला जीपमधी. दिवसभर ठाण्यात बाकड्यावर बसिवला — माफी लिवून दे, सोडतो. न्हाई लिवून दिली. एवढं अक्षर चांगलं असून. दिवेलागणीला सोडला — केस न्हाई, कागद न्हाई. आन दुसऱ्या दिवशी नळाला पाणी. आता तुमीच सांगा, असला जावई सांगली जिल्ह्यात कुठं घावंल?

काय काढताय पिशवीतनं? फोटो व्हय. मधल्या माणसानं दिला असंल. थांबा, हात पुसतो. हां, त्योच. अंगातला शर्ट माझा हाय बगा, इस्तरी करून नेलता. जरा घाबरल्यागत दिसतोय, एरवी बरा हाय. पण — फोटोवर ह्यो गोल शिक्का कसला? लग्नाच्या फोटोवर कुणी शिक्का मारत न्हाई. आन खाली ह्यो छापील कागद — द्या बघू — मला वाचता येतं, सातवीपातूर झालीया — 'अर्जदारास कधी अटक, स्थानबद्ध अथवा...'

तुमी ठाण्यातनं आलाय.

मग आदी सांगायचं न्हाई व्हय? पायात चपला घालून आलाय, अंगात नवी कापडं, आन इचारताय काय — घरात कोण कोण, वागणूक कशी, यसन काय, ऊठबस कुणात. आवं, ह्योच सवाल पोरीचा बाप इचारतो, ह्याच खोक्यावर बसून. बूट घालून आला असता तर माझ्या तोंडातनं एक शब्द निघाला नसता, आईची शपथ.

थांबा सायेब. परत सांगतो सगळं. पेपर वाचतो म्हणलो न्हवं — वाचत न्हाई, चित्रं बघतो. कुस्तीची. अर्ज सात न्हाई, दोन. एकच धरा. धाडसी? त्यो? त्यो म्हशीला भितो, म्हैस आली की बांध बदलतो. सभेला? कुठल्याच न्हाई. जयंतीला जातो, पण मागं उभा राहतो. घरात पुस्तकं हायत, कपाटभर हायत, पण ती त्याच्या वडलांची, त्यानं उघडून बगितली नसतील. कुणात बसतो? कुणातच न्हाई. माझ्यात बसतो, आन मी बोलत न्हाई. — हसताय का? आता सायेब, एक इचारू, रागावू नका. मगाशी नट सोडवताना जे पोरीला चांगलं हुतं, ते पॅच लावूस्तवर सरकारला वाईट कसं झालं? माणूस तर त्योच हाय. फोटोबी त्योच. पोरीच्या बापाला कणा असलेला जावई पायजे, मग कारकुनाला काय बिनकण्याचं बघत्यात? आन त्यानं लावलं का न्हाई कुलूप ते राहू द्या, पाणी मागितलं एवढंच न्हवं त्यानं? पाणी मागायची नोंद असती व्हय कुठं?

त्या रकान्यात काय लिवलंय त्यानं? 'नाही'. हां. ते मी सांगितलं हुतं. हितं बसूनच इचारलं त्यानं — बिऱ्या, मला बसिवलं ते अटक का निस्तं बसणं? मी म्हणलो, केस न्हाई, कागद न्हाई, कसली अटक रं गड्या, एस्टीच्या स्टँडवर आपण दिवस-दिवस बसतो, तेबी लिवायचं का? त्यो हसला आन लिवला 'नाही'. आता तुमी लिवणार, बसिवलं हुतं म्हणून, मग त्यो खोटा ठरला. आन तुमाला सांगितलं कुणी? मी. कुणी इचारलं नसताना, कौतुकानं.

पेनाला टोपण लावा, सायेब. दोन मिंटं.

कुलूप त्यानं लावलं न्हवतं. मी लावलं. सायकलचं कुलूप हुतं ते, साखळीचं, ह्याच दुकानातलं. आवं, पंचायतीला सायकलचं कुलूप दुसरं कोण लावंल? पण तुमच्या माणसांनी कुलपाकडं बगितलंच न्हाई, अक्षराकडं बगितलं — अर्ज ज्याचा, कुलूप त्याचं. मी तिथंच हुतो, गर्दीत, तिसऱ्या रांगेला. 'मी' एवढंच म्हणायचं हुतं. न्हाई निघालं. फळ्यापुढं उभं केल्यागत झालं. त्यानं एकदा मागं वळून माझ्याकडं बगितलं आन पुढं झाला. तीन वर्सं झाली, त्यावर आमी एक शब्द बोललो न्हाई. त्यो हवा भरायला येतो, मी भरतो. शर्ट मागितला, दिला. शर्टानं काय फिटतंय.

मग आता माझं नाव लिवा. बिराप्पा, पंक्चरवाला, फाटा. मी कुठं नोकरी मागितलीया? माझ्या चौकशीला कोण चपला घालून येणार? पुरावा — हाय की. त्या खिळ्याला बगा, किल्ल्या. लाल दोऱ्याची, तिसरी. तुमच्या ठाण्यात कुठल्यातरी कोपऱ्यात साखळी पडली असंल, लावून बगा. उघडंल. तेल सोडून लावलं हुतं मी. काढा तुमीच, माझं हात भरल्यात — हां, तीच.

चाक झालं. दाबून बगा.

आवं — परत का अडकवली? घिऊन जावा की ती. आन कागद घडी का केला, काईच न लिवता? सायेब, त्या पोराची ऑर्डर... काय म्हणलात? कुणी इचारलं, कोण आलतं, तर पोरीकडचं म्हणून सांगू?

पोरीकडचं.

बरं. पोरीकडचं आलतं म्हणतो. जावा मग, काकीनं बगितलं तर चहा पाजल्याबिगर सोडायची न्हाई. म्होरं खडी हाय, उजव्या अंगानं जावा.