दसऱ्याच्या चिठ्ठ्या

योगराज : दवाखान्याच्या नोंदींचं मशीन चालू झालंय, सरलाबाई, पण शेवटची नोंद डिसेंबरची दाखवतंय. आज एप्रिल आहे.

सरलाबाई : मंग घड्याळ मागं पडलं असंल, भाऊ.

योगराज : घड्याळ बरोबर आहे. यात दोन डिस्क जोडीनं चालतात. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरतं. पहिली डिसेंबरात बिघडली, तिच्यावर लिहिणंच थांबलं. म्हणून आज वर डकवलेली नंबराची चिठ्ठी बघून ती काढली आणि नवी बसवली.

सरलाबाई : मंग बरंच झालं ना?

योगराज : कुठलं बरं! जी काढली तीच चांगली होती वाटतं. आत राहिलेल्या बिघडलेल्या डिस्कवरून मशीन सुरू झालं, आणि नवीवर तेच जुनं उतरतंय. चिठ्ठ्या कुणी हलवल्या?

सरलाबाई : त्या डकवलेल्या चिठ्ठ्या?

योगराज : त्याच, बाई.

सरलाबाई : मी. दसऱ्याला मशीनची पूजा केली ना, साहेबांनीच सांगितलं व्हतं. कुंकू लागून खराब नको म्हणून दोन्ही चिठ्ठ्या काढल्या, फडक्यानं पुसलं, हार घातला, मंग परत डकवल्या. माले काय म्हाईत कोणती कोठली! दोन्ही सारख्याच दिसत व्हत्या.

योगराज : अरे देवा!

सरलाबाई : पाप झालं का रे भाऊ?

योगराज : तुम्ही पूजाच केली. डिस्कवरचा बिघाडाचा दिवा न बघता चिठ्ठीवर भरवसा ठेवला तो मी. ही काढलेली डिस्क परत बसवतो, अर्ध्या तासात सगळं येईल.

सरलाबाई : अर्धा तास? आमच्या यांचं ऑपरेशन शे आज. अकराला.

योगराज : उखाकाकांचं? इथंच?

सरलाबाई : हर्नियाचं. फेब्रुवारीत यांना ताप व्हता तवा ते जंतू मारायचं इंजेक्शन दिलं, आन् अंग सुजलं, श्वास अडकला. गेलेच व्हते म्हण. डॉक्टर बोलले, मशीनमधी लाल अक्षरात टाकलंय, आता पुन्हा कोणी देणार नाही.

योगराज : फेब्रुवारीत?

सरलाबाई : हां. महाशिवरात्रीच्या आसपास.

योगराज : बाई, तुम्ही आज वॉर्डात तोंडानं सांगितलंत का कुणाला?

सरलाबाई : मी झाडूवाली, भाऊ. मशीनमधी लिहिलंय म्हटल्यावर मी काय सांगू?

योगराज : पळा. ऑपरेशनआधी तेच इंजेक्शन देतात, आणि मशीन आज डिसेंबरपर्यंतचंच दाखवतंय. मी थिएटरला फोन लावतो. उचला ना... उचला...

(दार उघडतं. सुषमा सिस्टर.)

सुषमा : योगराजभाई, मशीन चालू केलंत, फार बरं झालं. दहापासून सगळे कागद अडकले होते. अगं सरला, तू इथं? तुझ्या मालकांना आत्ताच आत नेलं.

सरलाबाई : सिस्टर, ते इंजेक्शन...

सुषमा : जंतूंचं ना? दिलं गं, मीच दिलं. घाबरू नको, नेहमीसारखा मशीनमधून कागद काढून बघितला. मनाई कुठंच लिहिलेली नव्हती.