हॉटस्पॉटच्या कानात कुर्रर्र

तुम्ही हसाल, पण मोबाइलच्या कानात बाळाचं नाव सांगताना मी डोळ्यांनी बघितलंय. मोहने गावात, आमच्या ताईकडे. कॅनडात आमच्या धाकट्या भावाच्या मुलीचं बारसं होतं आणि तो ते लाइव्ह दाखवणार होता. म्हणजे आपण नुसतं बघायचं, आपला आवाज तिकडे जात नाही. ताईकडे वायफाय नाही, म्हणून मी वर्तकनगरहून गेलेलो. फोन खिडकीत ठेवला आणि त्याच्या हॉटस्पॉटवर टीव्ही लावून दिला.

ताई नवी साडी नेसून बसलेली, पण घुश्शात. "आत्या मी, आणि कानात नाव कोण सांगणार? तर त्याची शेजारीण!"

ती शेजारीण पाळण्यावर वाकली आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकलं.

"बघ, माझ्यासाठी थांबलंय," म्हणत ताई उठली. मला वाटलं, टीव्हीपाशी जाईल. ती थेट खिडकीशी गेली.

"अगं, फोन कशाला?"

"बाळ ह्यातूनच येतंय ना?" तिने फोन दोन्ही हातांत अलगद घेतला, तोंडाजवळ धरला आणि हळूच म्हणाली, "कुर्रर्र... रेवा."

चित्र सुरू झालं. पाळण्यातली पोरगी मान वळवून सरळ आमच्याकडे बघत होती.

"ऐकलंन," ताई म्हणाली.

मी दहा वर्षं नेटवर्कचं काम करतोय हो. आवाज तिकडे जाणं शक्यच नव्हतं, तरी अंगावर सर्रकन काटा आला. पोरीने कोणाचं ऐकलं, देव जाणे. माझ्या हॉटस्पॉटचं नाव मात्र त्या दिवसापासून रेवा आहे.