वळणाची पोर

असू दे, असू दे — मारू नका तिला, बाई! हात चिकट आहेत ना, मग काय झालं? रेशीम पुसता येतं. ये गं, इकडे गादीवर बस. काझुहा ना तू? हे घे, तांदळाचं बिस्कीट. आईकडे कशाला बघतेस? मी देतेय ना! — बसा हो तुम्हीपण. खांद्याच्या चुण्या घालून झाल्यात, हा पांढरा कच्चा दोरा तेवढा काढते, की हिचा किमोनो तयार. ह्याला शित्सुके म्हणतात — हो हो, पोरांना वळण लावतात तेही शित्सुकेच! तुमच्या वयाच्या मुलींना ठाऊक नसतं. माझा नवरा शाळेत अक्षरं शिकवायचा, तो सांगायचा — 'शरीर'चं अक्षर काढायचं, शेजारी 'सुंदर'चं काढायचं, झालं 'वळण'चं अक्षर. आणि 'अति लाड' कसे लिहायचे? 'बुडणं'चं अक्षर, आणि पुढे 'माया'चं. तो शब्द चीनकडून आलेला. त्यावरून मी त्याला टोचायची — बुडवा, बुडवा पोरीला! तर तो आमच्या मिसाओला खांद्यावर घेऊन म्हणायचा, "बुडते कुठे? ही बघ, वर आहे!" असा माणूस. मिसाओ पाचाची असताना गेला.

मग मी एकटी. आणि शेजारपाजार — बाप नाही, आता पोर बिघडणार, बघा! तोंडावर नाही म्हणायचे कोणी, पण ऐकू येतंच. मी ठरवलं, बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट — लग्नाचा किमोनो शिवायला आलेला, दोन दिवसांत द्यायचा. मी सुया आणायला गेले, येऊन बघते तर पोरीनं कच्चा दोरा सगळाच्या सगळा उपसलेला! अहो, पक्की शिलाई व्हायची होती अजून! आणि ही हसतेय — "आई, मी मदत केली." खरंच वाटलं होतं तिला तसं. शेवटी मी दोरा ओढून काढते, ते रोज बघायची ना. आज कळतं. तेव्हा? दंडाला धरलं, बाहेर काढलं, कडी लावली. डिसेंबरची संध्याकाळ, बर्फ पडत होतं. चुकले म्हण, उघडते — एवढंच म्हटलं. मी दाराच्या अलीकडे, ती पलीकडे. रडली नाही हो! तिचा श्वास ऐकू येत होता मला. मनात मीच विनवत होते, म्हण गं बाई, एकदा म्हण — पण तोंडानं? छे! मग श्वासही ऐकू येईना. दार उघडलं, तर नुसती पावलं — सरळ तोमे मावशीच्या घरापर्यंत.

मासळी विकायची तोमे मावशी. पोर तिच्या चुलीशी बसून रताळं खात होती, मला बघून मावशीच्या एप्रनमागे लपली. मावशी म्हणाली, "हात्सुए, सहा वर्षांची आहे ती, शिपाई नव्हे." मी काय म्हणावं? "लाडानं बुडवू नका तिला." असं म्हणाले मी. घरी आल्यावर मिसाओ गुडघे टेकून बसली, नीट वाकली, "चुकले" म्हणाली — एखादी परकी बाई दुकानात म्हणते ना, तसं. मला वाटलं, जिंकले!

त्यानंतर तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही. काही म्हणजे काही. फ्रॉक नाही, खाऊ नाही. ताप आला तरी सांगायची नाही, मीच तिच्या कपाळाला हात लावून बघायचं, आणि सगळे म्हणायचे, केवढी वळणाची पोर! आणि मी — लाज वाटते सांगायला — मी खूश व्हायची.

आता? सेंदाईला असते. मुलगी आहे तिला, तीन वर्षांची. तिसऱ्या वर्षी पोरींना नटवून देवळात नेतात ना, तसं तुमच्या काझुहासारखं यंदा तिलाही न्यायचं, म्हणून मी किमोनो शिवून पाठवला. परत आला. सोबत चिठ्ठी, सुंदर अक्षरात — आपण त्रास घेऊ नये, आम्ही भाड्यानं ठरवला आहे. 'आपण'! मग फोन केला. नातीनंच उचलला. कोण, म्हणाली. मी तोंड उघडेपर्यंत मागून मिसाओचा आवाज — "कोण आहे गं माझ्या पिल्लाला छळायला? ये, ये, कडेवर ये" — इतका मऊ! हा आवाज माझ्या घरात कधी आला नव्हता हो. मला वाटलं, चुकीचाच नंबर लागला. ठेवून दिला.

झालं, निघाला दोरा. बघा, कशी बसलीय चुणी. — काय म्हणालात?

मी? मी म्हटलं का तिला कधी, चुकले म्हणून?

हा घ्या किमोनो, घडी मोडू देऊ नका.

पोर पेंगतेय तुमची. उचला, बाई, उचला — चालवू नका तिला. बस येईल एवढ्यात.