बीटाच्या शेतातला माणूस

एकोणीसशे पंचाहत्तरच्या ऑक्टोबरातले ते धुके उत्तर फ्रान्समधल्या सॉम नदीवरून उठून थेट आमच्या गावात, पावाच्या गाडीपुढच्या रांगेत येऊन उभे राहिले होते. माझ्यापुढे फुल्बेर होता आणि त्याच्यापुढे त्याच्या शेजारच्या लेओकादीबाई.

"ताई, काल बीट काढताना यंत्राला काहीतरी लागलं."

"मग ठेव रस्त्याकडेला. लष्कराची गाडी नेईल. माझ्या कोपऱ्यावर चार तोफगोळे महिनाभर पडलेत, कोंबड्या त्यांवर बसायला लागल्यात."

"तोफगोळा नाही. माणूस आहे. पायात बूट आहेत."

"कुठल्या शेतात?"

"ओढ्याकडच्या."

"माझे वडील तिकडंच बेपत्ता झाले. पहिल्या महायुद्धात, सोळा साली."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. कळवलं की सरकारी लोक तीन आठवडे शेत बंद ठेवणार, निम्मं पीक जमिनीत कुजणार. मी तूर्त वर माती लोटलीय."

"लोटलीस?"

"पुरतं ऐका. ते तुमचे वडील नाहीत. गळ्यात सैनिकाचा बिल्ला आहे, जर्मन."

"नाव आहे त्यावर?"

"आहे. वाचता येतं."

"माझी आई पंच्याऐंशीची आहे, फुल्बेर. पोस्टमनची सायकल दिसली की अजून एप्रन काढून केस सारखे करते."

"ताई, जर्मन आहे म्हटलं ना."

"ऐकलं मी. अहो पाववाले, याला माझ्याआधी द्या. याला महापौरांच्या कचेरीत कळवायला जायचंय, आणि ती बाराला बंद होते."