लिफ्टवाल्याची जागा

फिजिओथेरपिस्टच्या बाहेरच्या बाकावर मान आखडलेला शिंपी वर्तमानपत्र धरून बसला होता. शेजारी दोघी बहिणी, त्यातल्या धाकटीचं मनगट टम्म सुजलेलं.

"काय गं, एवढं कशाने सुजलं?"

"कराटेच्या क्लासात, ताई. जावेने पॅड धरलं होतं, माझी बुक्की जरा जोरात बसली."

"जरा?"

"क्लासला तिला मीच नेलं. आणि आता सर मलाच म्हणतात, तिच्याकडून शांतपणा शिका. रोज पहाटे बुद्धाच्या ध्यानाला बसते ना महाराणी!"

"मग तूही बस."

"बसतेय की, महिना झाला. ती वीस मिनिटं, मी पंचवीस."

"अगं, शर्यत आहे का ती?"

"त्यात चौघांचं भलं चिंतायचं असतं. आधी स्वतःचं, मग जिवलगाचं. तिसरं, ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच वाटत नाही त्याचं. तिथे मी आमच्या लिफ्टवाल्याला धरते. आणि चौथं, डोळ्यांत सलणाऱ्याचं."

"चौथी जाऊबाई?"

"रोज. दातओठ खाऊन."

शिंपी पान उलटायचं विसरला.

"मग तिच्याकडेही चौथी तूच असशील."

"मला तेच वाटत होतं. खरं सांगू, बरंही वाटत होतं. म्हणून काल विचारलं तिला."

"मग?"

"म्हणाली, 'तुम्हाला मी तिसऱ्या जागी धरते.'"

"लिफ्टवाल्याच्या?"

"वर गोड हसली."

"हे कधी झालं?"

"काल क्लासातच. तिने पॅड उचललं, त्याच्या जरा आधी."